आरसा करायला घेतेस, तर हे ऐकून ठेव

मागच्या पडद्यावरची तारीख-वेळ काचेतून दाखवणारा आरसा करायचा, तर सगळ्यात आधी काचवाल्याकडे जा, कॉम्प्युटरच्या दुकानात नको. नवखी मंडळी नेमकं उलटं करतात. रास्पबेरी पायचा बोर्ड, म्हणजे छोटा कॉम्प्युटर, आणतात, त्यावर प्रोग्राम चढवतात, टेबलावरच्या पडद्यावर तारीख-वेळ उमटली की हरखून जातात आणि काचेचा विचार अगदी शेवटी करतात. मग मिळेल ती काच पदरात पडते. अगं, घरातली माणसं त्या वस्तूसमोर उभी राहणार ती केस विंचरायला, टिकली लावायला, दाढी करायला. चेहरा निळसर किंवा लांबट दिसला, तर मागचं यंत्र कितीही हुशार असो, चार दिवसांच्या नवलाईनंतर सगळे बेसिनवरच्या जुन्या आरशाकडे परत जातील.

दुपारी रस्त्यावरून एखाद्या घराच्या बंद खिडकीकडे पाहा. काचेत तुला तू आणि मागची झाडं दिसतील. त्याच खोलीत रात्री दिवा लागला की काचेतून आतलं कपाट, भिंतीवरचं कॅलेंडर दिसायला लागतं. काच तीच, उजेड कुठल्या बाजूला जास्त एवढाच फरक. तुझ्या आरशाचं सगळं शास्त्र यात आलं. तुला लागणाऱ्या टू-वे काचेवर अतिशय पातळ असा एक थर दिलेला असतो. आलेला बराचसा उजेड तो परत पाठवतो आणि थोडा आरपार जाऊ देतो. दुकानात तुला ७०/३० किंवा ८०/२० असे आकडे ऐकू येतील. साधारणपणे पहिला आकडा परतणाऱ्या उजेडाचा आणि दुसरा आरपार जाणाऱ्या उजेडाचा, पण कुणी उलटही सांगतं, म्हणून विचारून खात्री कर. आता हिशेब बघ. साध्या मॉनिटरचा उजेड २५० निटच्या आसपास असतो. त्यातला ३० टक्केच बाहेर आला तर उरले ७५. म्हणून मागच्या पडद्यावर पांढरी, ठळक अक्षरं हवीत आणि बाकी सगळं काळं हवं. जिथे काळं, तिथे आरसा. फोटो, करड्या नक्ष्या, रंगीत पार्श्वभूमी यांचा मोह धरलास तर चित्रही धड दिसत नाही आणि आरसाही धड राहत नाही.

काचवाल्याकडे जाताना मोबाईलवर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचं एक चित्र करून ने. त्याच्याकडे ज्या ज्या परावर्तक काचा असतील त्यांचे तुकडे माग. हातभर नको, वीतभर तुकडा पुरे. मोबाईल तुकड्याच्या मागे टेकव, बाजूनं उजेड शिरू नये म्हणून भोवती काळं कापड धर आणि मग दोन गोष्टी पाहा: अक्षरं वाचता येतात का, आणि तुझ्या चेहऱ्याचा रंग खरा दिसतो का. इमारतींच्या दर्शनी भागाला लावतात ती रिफ्लेक्टिव्ह काच स्वस्त आणि सहज मिळते, पण ती बहुतेक वेळा निळी, हिरवी किंवा तपकिरी असते. त्या काचेत सगळं घर आजारी दिसतं. अक्रेलिकचा आरसा हलका असतो आणि फुटत नाही, पण मोठा तुकडा वाकतो आणि त्यात आपलं प्रतिबिंब लाटेवर तरंगल्यासारखं हलतं, शिवाय त्यावर ओरखडे फार पटकन पडतात. लहान मूल असलेल्या घरात, फूटभर उंचीच्या छोट्या आरशासाठी अक्रेलिक चालेल, त्याहून मोठ्याला नको. साध्या काचेवर परावर्तक फिल्म चिकटवण्याचा तिसरा मार्ग आहे. तो सरावासाठी ठीक आहे. पण धुळीचा एक कण आत राहिला तरी तिथे फोड येतो आणि तो रोज नेमका डोळ्यांसमोर येतो.

थर कुठल्या बाजूला आहे हे ओळखायला नखाचं टोक काचेला टेकव. नख आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना थेट भिडलं तर थर तुझ्याकडच्या बाजूला आहे, मध्ये फट दिसली तर तो पलीकडे आहे. थर बघणाऱ्याकडे ठेवला की दुहेरी प्रतिबिंब येत नाही. पण मग तो जपावाही लागतो. आपल्याकडे आरशावर टिकल्या चिकटवून ठेवायची सवय घराघरांत आहे, ती या आरशापुरती मोडायला सगळ्यांना आधीच सांग, कारण टिकलीच्या गोंदासकट थर निघू शकतो. पुसायला नुसतं पाणी आणि मऊ मायक्रोफायबरचं कापड. अमोनियाचं निळं पाणी त्याच्या जवळपासही नको. आणि काच बसवताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन वापरू नकोस. ते आम्लधर्मी असतं, आरशाच्या थराला खातं. दुकानात न्यूट्रल क्युअर म्हणून वेगळं मिळतं, ते माग.

तुकडा पसंत पडला म्हणून काच लगेच कापायला देऊ नकोस. आधी काच बघायची, मग मॉनिटर घ्यायचा, मॉनिटर उघडून त्याचं खरं माप घ्यायचं, त्या मापावर चौकट करायची आणि तयार चौकटीत मोजून सगळ्यात शेवटी काच कापायची. लाकूड रंधता येतं, काच रंधता येत नाही.

मॉनिटर नवाच पाहिजे असं अजिबात नाही. पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हिंडलीस तर जुना, चांगला पॅनेल मिळून जाईल. २४ इंची पडद्याची दिसणारी बाजू साधारण २१ इंच लांब आणि पावणेबारा इंच रुंद असते. उभा लावला की माणसाच्या चेहऱ्याला आणि खांद्यांना पुरतो. घेण्याआधी दुकानातच तीन गोष्टी करून बघ. पडदा पूर्ण काळा करून हाताचा आडोसा कर आणि कडांमधून पांढुरका उजेड झिरपतो का ते पाहा. झिरपत असेल तर रात्री आरशात चौकोनी ढग दिसतील. व्हीए जातीच्या पॅनेलचा काळा रंग आयपीएसपेक्षा गडद असतो, मिळाला तर तो घे. दुसरं, प्लग काढून पुन्हा लाव आणि बटण न दाबता चित्र परत येतं का बघ. आपल्याकडे वीज जाते-येते, आणि बटण चौकटीच्या आत बंदिस्त झालेलं असतं. दर वेळी आरसा भिंतीवरून उतरवणार का? तिसरं, एचडीएमआयची केबल काढ. काही पडदे सिग्नल गेला की शांतपणे झोपतात, काही मात्र निळेशार होऊन कंपनीचं नाव मिरवत बसतात. दुसऱ्या जातीचा घेऊ नकोस. केबल मागे सरळ बाहेर येत असेल तर चौकट तेवढी खोल करावी लागते. खाली किंवा बाजूला तोंड असेल तर चौकट पातळ राहते.

मॉनिटरचं प्लास्टिकचं कवच काढताना एक गोष्ट काळजीनं पाळ. वीज बाहेरच्या अडॅप्टरमधून येत असेल तर बेलाशक उघड. पण भिंतीतली वायर थेट आत जात असेल, तर आतला वीजपुरवठ्याचा भाग त्याच्या पत्र्याच्या डब्यातच राहू दे. त्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले असतात. जुन्या, नळीच्या उजेडाच्या पडद्यांमध्ये तर नळीला लागणारा दाब शेकडो व्होल्टचा असतो. हे काम येणाऱ्या माणसाकडून करून घे. त्यात कमीपणा नाही.

आता सुतार. माझं ऐकशील तर चौकट ओळखीच्या सुताराशेजारी बसून कर. तो सांगेल तसं तू रंधा धर, तुझ्या हातून होईल तेवढं तू कर, उरलेलं तो करेल. त्याच्याशी मिलिमीटरमध्ये बोलू नकोस, त्याचं माप सुतात असतं, इंचाचे आठ सूत. तुझी वही दोन्ही मापांत लिहून ने. चौकटीचे कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहेत का हे काच कापण्याआधी दोन्ही कर्ण मोजून तपास. काचेसाठी खाच करताना चारी बाजूंना अर्धा-एक सूत मोकळी ठेव, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि काच फुगत नाही. कोकणात किंवा न्हाणीघराजवळ लावणार असशील तर एमडीएफ टाळ, ओलाव्यानं ते पापडासारखं सुटतं. सागवान परवडत नसेल तर मरीन प्लाय घे आणि कडा नीट बंद कर. पडदा काचेला अगदी चिकटून बसला पाहिजे, नाहीतर अक्षरं खोल आणि अंधूक दिसतात. पडद्यापलीकडे उरलेल्या काचेच्या मागे काळा, चमक नसलेला कागद किंवा कापड लाव, नाहीतर पडदा कुठे संपतो ती रेघ दिवसाढवळ्या दिसत राहते.

मागची बाजू ठोकून बंद करू नकोस. मॉनिटर आणि बोर्ड दोघंही तापतात. रास्पबेरी पाय ८० अंशांपर्यंत गेला की आपला वेग आपणच कमी करतो, आणि मग घड्याळ अडखळायला लागतं. खाली आणि वर भोकं ठेव, गरम हवा आपोआप वर निघून जाईल. त्या भोकांना आतून बारीक जाळी मारायला मात्र विसरू नकोस. थंडीच्या दिवसांत आतली ऊब पालींना आणि झुरळांना फार आवडते.

वजनाचा अंदाज आधीच घे. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो असतं. दोन फूट बाय तीन फूट, चार मिलिमीटर जाडीची काच साडेपाच किलोच्या वर जाते. त्यात पडदा आणि लाकूड मिळव. एका खिळ्यावर हे टांगायचं नाही. लाकडाच्या दोन पट्ट्या तिरप्या कापून एक भिंतीवर आणि एक चौकटीला बसवायची, म्हणजे एक पट्टी दुसरीत अडकते आणि आरसा हवा तेव्हा उचलून काढता येतो. भिंत विटांची असेल तर साधे प्लग आणि लांब स्क्रू पुरतात. हल्लीच्या सिपोरेक्सच्या हलक्या भिंतीला तिच्यासाठीचे वेगळे प्लग लागतात. आणि खिडकीच्या समोरची भिंत निवडू नकोस, दिवसभर अक्षरं पुसट दिसतील. उजेड उभ्या राहणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर पडावा, काचेवर नाही.

काही भाग सुताराऐवजी यंत्रावरही कापून घेता येतात. पाबळच्या विज्ञान आश्रमाचं नाव तू ऐकलं असशील. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली तो सुरू केला, हातानं काम करत शिकायचं या एका आग्रहानं. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी, म्हणजे यंत्रांवर वस्तू बनवायच्या प्रयोगशाळांपैकी, एक २००२ साली तिथे उभी राहिली, पुणे जिल्ह्यातल्या एका खेडेगावात. अशा प्रयोगशाळा आता अनेक ठिकाणी आहेत. मागचं झाकण, बोर्ड बसवायची पट्टी असे भाग तिथे यंत्रावर कापून मिळू शकतात. जाशील तेव्हा माप टाकलेलं रेखाचित्र हातात असू दे. तोंडानं वर्णन करणाऱ्याला कुणी फार मदत करू शकत नाही, कागद पुढे ठेवणाऱ्याला मात्र चार माणसं आपणहून येऊन मिळतात.

हीच गोष्ट पुढच्या, प्रोग्रामच्या कामाला दुपटीनं लागू आहे. तू जो प्रोग्राम वापरणार तो मॅजिकमिरर. नेदरलँड्समधल्या मायकल टेऊ यांनी न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात आरशाच्या मागून उजळणारी पाटी पाहिली आणि २०१४ साली घरी तसा आरसा केला. त्यांनी तो कसा केला हे मोकळेपणानं सांगितलं, प्रोग्रामही खुला ठेवला. २०१६ मध्ये त्यांनी तो नव्यानं लिहिला, तो असा की कुणालाही आपला तुकडा त्यात बसवता यावा. त्या तुकड्यांना मॉड्यूल म्हणतात. त्याच वर्षी रास्पबेरी पायच्या ‘मॅगपाय’ मासिकानं पन्नासाव्या अंकासाठी वाचकांचा कौल घेतला, तेव्हा पन्नास प्रकल्पांत हा आरसा पहिला आला. आज त्यात घड्याळ, कॅलेंडर, हवामान, बातम्या असे थोडे मॉड्यूल मुळात येतात. बाकी असंख्य मॉड्यूल जगभरच्या लोकांनी आपापल्या घराच्या गरजेपोटी लिहिले आहेत. ही माणसं पगारी नाहीत. आपलं कामधाम सांभाळून, रात्री जेवणं झाल्यावर ती तुझ्या प्रश्नाला उत्तर देतात. त्यांचा वेळ जपायचा, हा माझा तुला मुख्य कानमंत्र आहे.

म्हणजे काय करायचं? ‘पडदा काळा दिसतोय, मदत करा’ असं लिहायचं नाही. बोर्ड कोणता, ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती कोणती, मॅजिकमिररची कोणती, शेवटचा बदल तू काय केलास आणि त्याच्या आधी चालत होतं का, हे पहिल्या चार ओळींत सांग. चुकीचा संदेश आला असेल तर त्याचा मोबाईलनं फोटो काढून पाठवू नकोस, मजकूर जसाच्या तसा उतरव, म्हणजे समोरच्याला तो शोधता येतो. त्याआधी स्वतः दोन गोष्टी कर. पडदा काळा राहण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे सेटिंगच्या फाईलमधला हरवलेला स्वल्पविराम किंवा कंस. फाईल तपासणारी आज्ञा प्रोग्रामसोबतच येते, ती चालव. तरी उलगडलं नाही तर सगळे मॉड्यूल बंद कर आणि एकेक करून सुरू कर. ज्याच्यावर येऊन अडेल, त्याच्या कर्त्याला विचार, इतरांना नको.

कुणी सांगितलेला उपाय कधीचा आहे हे बघूनच वापर. पडदा उभा फिरवायला पूर्वी बोर्डाच्या एका फाईलमध्ये एक ओळ घातली की भागायचं. २०२३ च्या ऑक्टोबरात रास्पबेरी पायची सिस्टीम बदलली, पडदा हाताळायची रीतच नवी आली आणि त्या जुन्या ओळीचा उपयोग राहिला नाही. हवामानाचंही तसंच. ओपनवेदरची जुनी सोय २०२४ मध्ये बंद झाली आणि पुष्कळांच्या आरशातला पाऊस-पाण्याचा कोपरा एकाएकी रिकामा झाला. ओपन-मेटिओकडून हवामान घेतलंस तर नोंदणीची चावीसुद्धा लागत नाही. जुना उपाय सांगणाऱ्याचा त्यात दोष नसतो, तेव्हा तो बरोबरच होता.

मदत मागताना सेटिंगची फाईल दाखवावी लागते. दाखवण्यापूर्वी ती ओळीनं वाच. तिच्यात तुझ्या घराचे अक्षांश-रेखांश असतात, सेवांच्या चाव्या असतात आणि कॅलेंडरचा तो खासगी पत्ता असतो, जो हाती लागला की कुणालाही तुमच्या घरचं सगळं वेळापत्रक वाचता येतं: घर कधी रिकामं, मुलं कधी एकटी. या सगळ्या जागी फुल्या घाल. हा आरसा घरातल्या वाय-फायवर ८०८० क्रमांकाच्या दारानं बोलतो, ते दार राउटरमधून बाहेरच्या जगाला उघडू नकोस. आणि अनोळखी मॉड्यूल बसवणं म्हणजे अनोळखी माणसाचा प्रोग्राम आपल्या घरात चालवणं, हे ध्यानात ठेव. त्याचं माहितीपान वाच, शेवटचा बदल कधी झाला ते पाहा, आणि जी आज्ञा कळत नाही ती उतरवून चालवू नकोस. कॅमेऱ्याचा आणि मायक्रोफोनचा विचार मनात असेल तर माझं मत ठाम आहे. ज्याच्यासमोर माणसं कपडे नीट करतात त्या वस्तूला डोळा नको आणि कानही नको.

मूळ प्रोग्रामच्या फाईलींना कधी हात लावू नकोस. रंग, आकार, अक्षर बदलायला वेगळी फाईल दिलेली आहे. नवीन काही करायचं तर आपलं मॉड्यूल वेगळ्या फोल्डरमध्ये लिही. दर तीन महिन्यांनी मॅजिकमिररची नवी आवृत्ती येते. मूळ फाईलींत ढवळाढवळ केलेली असली की ती चढवताना गुंता होतो. नवी आवृत्ती आली म्हणून त्याच दिवशी चढवायची गरज नाही. थोडे दिवस थांब, बाकीच्यांचे अनुभव वाच, आपल्या फाईलींची प्रत काढ आणि मग चढव.

मराठीत दाखवणार असशील, आणि तू दाखवावंस असं मला मनापासून वाटतं, तर अक्षराची जास्त काळजी घे. प्रोग्रामसोबत येणाऱ्या रोबोटो फॉन्टात देवनागरी नाही. सिस्टीममध्ये देवनागरी फॉन्ट नसेल तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतील. मुंबईच्या एक टाईप या गटानं केलेला ‘मुक्ता’ फॉन्ट मोफत आहे आणि त्याची सात वजनं मिळतात. तो बसव. रोमन अक्षरांसाठी आरशात अगदी बारीक वजन छान दिसतं म्हणून सगळे तेच ठेवतात. आपल्याला ते चालत नाही. काचेतून येताना बारीक शिरोरेघा विरून जातात आणि ‘ष’ आणि ‘प’ सारखे दिसायला लागतात. मध्यम वजन घे. ओळींमधलं अंतर वाढव, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. घड्याळ ज्या मोमेंट नावाच्या साधनावर चालतं, त्याच्याकडे मराठी महिने आणि वार तयार आहेत. भाषेच्या जागी मराठीचं चिन्ह घातलं की सोमवार, मंगळवार दिसायला लागतात. बाकीचे शब्द, म्हणजे आज, उद्या, वाऱ्याच्या दिशा, एका छोट्या फाईलमध्ये असतात. काही अपुरं किंवा अवघडल्यासारखं वाटलं तर सुधार आणि सुधारलेली फाईल मूळ प्रकल्पाकडे पाठव. एका संध्याकाळचं काम आहे. नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंत पुढे जो कुणी मराठी आरसा करेल, त्याला ते आयतं मिळेल.

काय दाखवायचं याची यादी घरातल्यांना विचारून कर आणि मग तिच्यातलं निम्मं गाळ. तुला शेअर बाजार नको आहे, आईला संकष्टी कधी ते हवं आहे, बाबांना पाण्याचा टँकर कधी येणार ते हवं आहे, धाकट्याला बसची वेळ हवी आहे. एवढंच ठेव. मजकूर वरच्या आणि खालच्या पट्टीत. मधला भाग पूर्ण रिकामा, तो चेहऱ्याचा आहे. घरातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात ठेंगण्या माणसाला आरशासमोर उभं कर आणि दोघांच्याही चेहऱ्यावर अक्षर येत नाही ना ते बघ. बातम्यांची सरकती पट्टी मी तरी लावणार नाही. सकाळी तोंड धुताना अपघाताची बातमी कशाला? त्यापेक्षा शुभेच्छांचं जे मॉड्यूल मुळातच येतं, त्यात सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी वेगवेगळी वाक्यं घालता येतात. तिथे आजीला तिच्या शब्दांत चार वाक्यं सांगायला लाव आणि तशीच घाल, शुद्धलेखन सोडून काही बदलू नकोस.

समोर माणूस आलं की पडदा जागा व्हावा असं वाटत असेल तर पीआयआर सेन्सर लाव. पण तो काचेच्या मागे ठेवलास तर एकदाही जागा होणार नाही. माणसाच्या अंगाची उष्णता ज्या लांब लहरींनी बाहेर पडते, त्या काच अडवते. चौकटीच्या खालच्या कडेला भोक पाडून त्याचं पांढरं टोपण बाहेर काढ. त्याच्यावर दोन छोटे स्क्रू असतात, एकानं पल्ला आणि दुसऱ्यानं जागं राहण्याची वेळ ठरते. वीज दिल्यावर त्याला स्थिरावायला मिनिटभर लागतं, लगेच बिघडला म्हणू नकोस. काचेतून चालणारा रडारचा सेन्सरही मिळतो, पण तो भिंतीतूनही पाहतो. शेजारच्या खोलीत कुणी कूस बदलली तरी आरसा उजळतो. लहान घरात तो नको.

बोर्डाला त्याचाच अडॅप्टर दे. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. मोबाईलच्या चार्जरवर भागवलंस तर पडद्यावर विजेचं पिवळं चिन्ह येतं आणि कुठलीही गडबड नेमकी कशामुळे झाली ते शेवटपर्यंत कळत नाही. बोर्डाचं मेमरी कार्ड नाव असलेल्या कंपनीचं, चांगलं घे. लिहिणं चालू असताना वीज गेली की कार्डावरची माहिती खराब होऊ शकते, म्हणून घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाईनवर जोड. सगळं मनासारखं झालं की त्या कार्डाची पूर्ण प्रत दुसऱ्या कार्डावर काढ आणि पाकिटात घालून चौकटीच्या मागेच चिकटव.

त्याच पाकिटात एक कागदही ठेव. कुठली वायर कुठल्या पिनेवर, प्रोग्रामची आवृत्ती, मॉड्यूलांची नावं, काचेचं नेमकं माप आणि ती ज्याच्याकडून आणली त्या काचवाल्याचा नंबर, सुताराचाही. ज्यांच्या उत्तरांनी काम झालं त्यांचीही नावं तिथे लिही, आणि त्यांना कळव की चाललं, कुठल्या आवृत्तीवर चाललं आणि नेमकं काय केल्यावर चाललं. पुष्कळ जण उत्तर मिळालं की निघून जातात, आणि पुढे त्याच अडचणीत आलेल्याला अर्ध्यावर तुटलेली चर्चा सापडते. कागद बॉलपेननं लिही. शाईपेनाची शाई पावसाळ्यात पसरते.